फौजीच्या नावची विहीर

बद्रीनाथ फौजेतून कायमचा घरी आला, तेव्हा त्याच्या दोन्ही पायांची बोटं तिकडं बर्फातच राहिली होती. चितेगावाच्या पुढं, पैठण रोडवर नांदरवाडीच्या फाट्याला मोटार थांबली. तो दांड्याला धरून खाली उतरला, जड बूट रस्त्यावर टेकवून उभा राहिला आणि तोल सावरेपर्यंत त्यानं कुणाकडं पाहिलंच नाही. आई वच्छलाबाई आणि बायको भागूबाई पुढं झाल्या. भागूबाईनं पदर तोंडाला लावला.

मागं कडूबा बैलगाडी घेऊन उभा होता. त्यानं लोखंडी पेटी खांद्यावर घेतली, गाडीत कडब्यावर ठेवली आणि बद्रीनाथला काखेत हात घालून वर बसवलं.

"लई हलका झाला रे बद्री," तो म्हणाला.

"अर्धा तिकडंच ठेवून आलो, कडूबादादा."

"काय म्हणला?" कडूबानं डावा कान पुढं केला. उजव्या कानानं त्याला ऐकू येत नव्हतं.

पोलीस ॲक्शनच्या वेळी हिंदी फौजेच्या गाड्या औरंगाबादेकडं गेल्या, तेव्हा बद्रीनाथ पोरगेला होता. गाड्यांच्या मागं तो धुरळ्यात पळत गेला होता. पुढं मिसरूड फुटल्यावर तो छावणीत जाऊन भरती झाला. बाप आधीच गेलेला. घरी आई आणि चतुरा नावाची बहीण. जमीन होती, पण कोरडवाहू, मुरमाड. वच्छलाबाईनं ती कडूबाला बटईनं दिली. निम्मं त्याचं, निम्मं हिचं. कागद झाला नाही. एकाच भावकीतली माणसं, कागद कशाला?

एक तप उलटून गेलं. कडूबानं त्या रानात बांध घातले, बाभळी तोडल्या आणि ओळीनं तीन उन्हाळे विहीर खांदली. तो आणि त्याची बायको साळूबाई, दोघंच. खाली काळा खडक लागला तेव्हा त्यानं सुरुंग लावले. एक सुरुंग वेळेआधी उडाला. कडूबा वर चढत होता. त्याच्या उजव्या कानातून रक्त आलं आणि तो कान तेव्हापासून बंद झाला. वच्छलाबाईनं हळद आणि खोबरेल तेल गरम करून कानात सोडलं होतं. साळूबाई रडत होती आणि कडूबा जोरजोरात विचारत होता, "पाणी लागलं का? काकी, पाणी लागलं का?"

पाणी लागलं होतं. त्या पाण्यावर गहू झाला, मिरची झाली. पहिला वाटा तो वच्छलाबाईच्या ओट्यावर आणून टाकायचा, मग स्वतःचा घरी न्यायचा.

बद्रीनाथ आल्यावर महिनाभरानं शाळेत पंधरा ऑगस्ट झाला. तात्यासाहेब पाटलांनी त्याला शाल पांघरली, नारळ दिला. पोरांनी 'भारत माता की जय' म्हटलं. बद्रीनाथला फार वेळ उभं राहवेना, तेव्हा कडूबानंच गुरुजींची खुर्ची उचलून त्याच्यामागं ठेवली.

त्याच संध्याकाळी तात्यासाहेब ओट्यावर येऊन बसले.

"आता पुढं काय करायचं ठरवलं?" त्यांनी विचारलं.

"शेती करीन म्हणतो," बद्रीनाथ म्हणाला. "कडूबादादा म्हणतो, निम्मं रान तू कर, निम्मं मी करतो."

"निम्मं? तुझं रान, अन् तो तुला निम्मं देणार?" तात्यासाहेब हसले. "वच्छलाबाई, ऐका. चार वर्षं थांबलात तर कूळ मालक होऊन बसेल. सगळीकडं तेच होऊन ऱ्हायलंय. पण फौजी माणसाला कायद्यानं वेगळं धरलंय. तो देशासाठी गेला, म्हणून त्याची जमीन कुळाला जात नाय. माघारी आला की मागता येते. सरकारनं मान दिलाय, तो घ्या. नाय घेतला तर उद्या सून दुसऱ्याच्या बांधावर खुरपायला जाईल."

भागूबाई चुलीपाशी होती. तिनं फुंकणी खाली ठेवली. वच्छलाबाईनं लेकाच्या बुटांकडं पाहिलं. तो आता बोटांच्या जागी चिंध्या कोंबून बूट घालायचा.

औरंगाबादेतल्या वकिलानं कागद पाहिले. फौजेचा दाखला पाहून तो खूश झाला. "हा असला की काम झालं समजा. फक्त एक अडचण आहे. रानात विहीर आहे ना? ती कुळानं स्वतःच्या कष्टानं खोदली असं निघालं, तर त्याला भरपाई द्यावी लागेल. भरपाई दिल्याशिवाय कब्जा नाही. दावा लोंबकळत राहील." त्यानं चष्मा पुसला. "बद्रीनाथ, तुम्ही घरी पैसे पाठवत होता?"

"पाठवायचो. दर दोन-तीन महिन्याला मनीऑर्डर."

"मग त्या पैशातून विहीर झाली असेल."

बद्रीनाथनं आईकडं पाहिलं. वच्छलाबाई खाली फरशीकडं पाहत होती. त्या मनीऑर्डरींतून चतुराचं लग्न झालं होतं, घरावर पत्रे पडले होते. विहिरीला त्यातली एक दमडीही गेली नव्हती.

"झाली असंल," ती म्हणाली.

बद्रीनाथनं पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, असं ती पुढं कितीदा तरी स्वतःला सांगत राहिली.

तहसिलात तारीख लागली. कडूबा धुतलेलं धोतर नेसून आला होता. साळूबाई त्याच्या डाव्या बाजूला उभी. येताना सगळे एकाच मोटारीनं आले होते आणि कडूबानंच वच्छलाबाईला चढायला हात दिला होता.

बद्रीनाथ लंगडत आत गेला तसे तहसीलदार खुर्चीतून उठले. त्यांनी दाखला दोन्ही हातांनी घेतला, वाचला, शिपायाला खुर्ची आणायला सांगितली. "कुठं होता?" त्यांनी विचारलं. बद्रीनाथनं जागा सांगितली. साहेबांनी मान हलवली.

मग कडूबाला विचारलं, "तुझ्याकडं काही कागद?"

साहेब उजव्या बाजूनं बोलले होते. कडूबा हसून उभा राहिला.

"अरे, तुला विचारतोय! बहिरा आहेस का?"

"व्हय सायेब, बहिरे हायेत," साळूबाई पुढं झाली. "कागद नाय आमच्याजवळ. ह्यांचा कान पाहा. त्या विहिरीतच गेला."

साहेबांना ते कळलं नाही. कारकुनानं तिला मागं सरकवलं.

वच्छलाबाईला पुढं बोलावलं. तिनं शपथ घेतली. साहेबांनी तिला बसायला सांगितलं, शिपायानं पाणी आणून दिलं. तिनं पेला हातात धरला.

"आजी, विहीर कुणी खोदली?"

"लेकाच्या पैशानं झाली," वच्छलाबाई म्हणाली.

"ह्या माणसाच्या जबाबात लिहिलंय, त्यानंच खोदली."

"तो मजुरीला होता."

हे शब्द तिला कुणी शिकवले नव्हते. ते आपसूकच तोंडातून आले, आणि आल्यावर तिनं पेला न पिताच शिपायाला परत दिला.

कडूबानं मान वाकवून बायकोला विचारलं, "काय म्हणल्या काकी?"

साळूबाईनं त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेलं. सगळ्या कचेरीला ऐकू गेलं. "म्हणल्या, तुमी मजुरीला होतात."

कडूबानं वच्छलाबाईकडं पाहिलं. त्याला राग आलेला दिसला नाही. रानात नांगराचा फाळ एकाएकी दगडाला लागावा आणि बैल थांबावेत, तसा तो थांबला होता.

तिच्या वकिलाला काही बोलायची गरजच पडली नाही. साहेब कारकुनाला म्हणाले, "लिहा. पोरगा देशासाठी पाय देऊन आला. फौजीची आई खोटं कशाला बोलेल?"

परतीच्या मोटारीत कडूबा आणि साळूबाई नव्हते. ते चालत आले.

कब्जा मिळाला त्या दिवशी कडूबानं मोट, तिचे दोर म्हणजे नाडा अन् सौंदर, सगळं विहिरीच्या काठावर नीट मांडून ठेवलं. "हे तुमच्या रानातलं," तो म्हणाला. "कुदळ अन् पहार माझी हाये, ती नेतो. बाई, बघून घ्या."

काकीची बाई झाली. वच्छलाबाईनं मान हलवली. तिला वाटलं, तो एखादी शिवी देईल तर बरं. त्यानं पहार खांद्यावर टाकली आणि तो बांधावरून गेला.

थोड्याच दिवसांत दोघांनी घराला कुलूप लावलं. पैठणला धरणाचं काम सुरू झालं होतं. तिथं मातीकामाला माणसं लागत होती.

दिवाळीनंतर गव्हाला पाणी द्यायचं आलं. मोट हाकायला बद्रीनाथ उभा राहिला. बैल धावेच्या उतारावरून खाली जाताना तो नाड्यावर बसून जाई, तेवढं जमे. पण मोट काठावरच्या थारोळ्यात रिकामी झाली की बैलांना मागं रेटत चढ चढायचा असे. चढावर माणूस पायाच्या बोटांवर रेटा देतो. बद्रीनाथला रेटा द्यायला बोटं नव्हती. दोनदा तो पालथा पडला. तिसऱ्यांदा बैलाचा खूर त्याच्या मनगटाशेजारी पडला, तशी भागूबाई वाफ्यात पाणी वळवायचं, बारं मोडायचं टाकून ओरडत आली.

"सोडा. मी हाकते."

"बाईमाणसानं मोट हाकायची?"

"मंग गहू वाळू द्यायचा का?"

तिनं कासोटा खोचला आणि चाबूक घेतला. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून पाहू लागली. बद्रीनाथ थारोळ्याजवळ बसून राहिला. त्यानं बूट काढून बाजूला ठेवले आणि चिंध्या उन्हात पसरल्या. वच्छलाबाई भाकरी घेऊन आली तेव्हा तो म्हणाला, "माय, खरं सांग. माझ्या पैशाची विहीर हाये का ही?"

वच्छलाबाईनं फडकं सोडलं. भाकरीवर चटणी वाढली.

"चतुराच्या लग्नाला गेले तुझे पैसे."

"सगळे?"

"पत्र्याला गेले थोडे."

त्यानं भाकरीला हात लावला नाही. "आन् मजुरी? मजुरी तरी दिली होती का कडूबादादाला?"

"कुठून देणार? वाटा घ्यायचा तो."

"मी साहेबापुढं खुर्चीवर बसलो होतो, माय. तो उभा होता."

"तू कशाला वाईट वाटून घेतो? पाप माझं हाये."

"मला वकिलानं विचारलं तवा मीबी गप बसलो," बद्रीनाथ म्हणाला. "मला कळलं होतं."

दुसऱ्या दिवशी तो एकटाच औरंगाबादेला वकिलाकडं जाऊन आला. अंधार पडायच्या आत परतला आणि ओट्यावर बसून बूट उतरवताना म्हणाला, "ते म्हणले, तुझ्या आईनं शपथेवर सांगितलंय. आता उलटं सांगितलं तर तिच्यावरच खटला व्हईल. गप ऱ्हा म्हणले."

"व्हऊ दे खटला," वच्छलाबाई म्हणाली.

"तुला तुरुंगात धाडू का मी?"

शेवटी मायलेक मोटारीनं पैठणला गेले. धरणाच्या जागी नजर पोहोचेल तिथपर्यंत माती उकरलेली. गाढवं, टोपल्या, धूळ. बायकांच्या ओळी डोक्यावर माती घेऊन चढत होत्या. पालांच्या रांगेत विचारत विचारत त्यांना साळूबाई सापडली. ती दगडांच्या चुलीवर पिठलं हाटत होती. तिनं दोघांना पाहिलं आणि पळी तशीच हातात धरून उभी राहिली. मग पोतं झटकून टाकलं. "बसा."

कडूबा कामावरून आला. केसात, भुवयांत माती. तो बद्रीनाथच्या पायांकडं पाहून म्हणाला, "एवढ्या लांब काऊन आलास ह्या पायांनी?"

"दादा, चल घरी. निम्मं रान कर. तू म्हणला होतास तसंच."

"कागद करशील?"

बद्रीनाथ थांबला. वकिलाला त्यानं तेही विचारलं होतं. स्वतः कसायला म्हणून सोडवून घेतलेलं रान. लगेच दुसऱ्याच्या नावानं कागद केला तर सगळा दावा पुन्हा उघडेल, आईची शपथही. "कागद आत्ता नाय करता येत. पण माझी जबान हाये."

"जबानीवरच तर केलं एवढी वर्षं," कडूबा म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्यानं हात धुतले आणि तो जेवायला बसला.

वच्छलाबाई पोत्यावरून उठून साळूबाईच्या समोर गेली. "साळू, मी खोटं बोलले. मला पोराची भीती वाटली. त्याच्याच्यानं मजुरी व्हणार नाय, तो कसा जगंल असं वाटलं. मी खोटं बोलले."

"आमाला माहीत हाये की," साळूबाई म्हणाली. "तुमी खोटं बोलल्या ते आमाला काऊन सांगता? ज्याला माहीत नाय त्याला सांगा."

तिनं चार जणांची पानं वाढली. वच्छलाबाईनं ते पिठलं खाल्लं. मिठाचं प्रमाण, लसणाची फोडणी, सगळं ओळखीचं होतं. विहीर खांदायच्या वेळी दोघी एकाच चुलीवर रांधायच्या.

नांदरवाडीला आल्यावर वच्छलाबाई थेट पारावर गेली. तात्यासाहेब पाटील बसले होते, आणखी चार माणसं होती. ती डोक्यावरचा पदर नीट करून उभी राहिली.

"तात्यासाहेब, विहीर कडूबानं खांदली. फुकट खांदली. मी तहसिलात खोटं सांगितलं."

माणसं एकमेकांकडं पाहू लागली. त्यातल्या प्रत्येकानं कडूबाला विहीर खांदताना पाहिलं होतं.

"वच्छलाबाई, घरी जा," तात्यासाहेब हळू आवाजात म्हणाले. "ऊन लागलंय तुम्हाला."

"तुमी पाहिलं नव्हतं का? सुरुंगाची दारू तुमच्याच वाड्यावरून नेली होती त्यानं."

"झालं गेलं. लेक फौजी हाये तुमचा. पंचायतीनं त्याचं नाव शाळेच्या भिंतीवर लिहायचं ठरवलंय. आता तुमी असं बोलू लागल्या तर गावाचं नाव जातंय. जा. कुणी ऐकलं नाय."

खरोखर कुणीच ऐकलं नाही. शाळेच्या भिंतीवर निळ्या रंगात बद्रीनाथचं नाव लागलं. गावातली पोरं त्या विहिरीला फौजीची विहीर म्हणू लागली. मोठी माणसंही म्हणू लागली. बद्रीनाथनं एकदा दोघांना टोकलं, मग सोडून दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं. गाळ काढल्याशिवाय झरे मोकळे होणार नव्हते. मजूर सगळे धरणावर गेलेले. बद्रीनाथ दोर कमरेला बांधून स्वतः खाली उतरला. उभ्या कामाला त्याचे पाय चालत नव्हते, म्हणून तो चिखलात गुडघ्यांवर बसून खोऱ्यानं गाळ टोपलीत भरी. वर भागूबाई आणि वच्छलाबाई दोर ओढत. दोन दिवस असं चाललं. भागूबाईला दिवस गेले होते. तिसऱ्या दिवशी वच्छलाबाईनं तिला बांधावर बसवलं आणि ती एकटीच ओढू लागली. टोपली अर्धीच भरायला सांगितली होती, तरी दोर हातातून सरकायचा. तळहाताची साल निघाली. दोराला लाल डाग पडू लागले.

त्या दिवशी कडूबा गावात आला होता. त्याच्या घराचं छप्पर बसलं होतं, तेव्हा आढी आणि दाराची चौकट काढून धरणावर न्यायची होती. गाडी भरून तो रानाच्या कडेनं निघाला. विहिरीच्या काठावर म्हातारी दोराला लोंबकळल्यासारखी वाकलेली त्याला दिसली.

त्यानं गाडी थांबवली. बैलांपुढं कडबा टाकला. काठावर आला, वच्छलाबाईच्या हातातून दोर काढून घेतला आणि ओढू लागला. टोपली वर आली तशी उलटी केली, पुन्हा खाली सोडली.

टोपली एकाएकी भराभर वर जायला लागली, तसा खालून बद्रीनाथनं आवाज दिला. "कोण हाये वर?"

कडूबाला ऐकू गेलं नाही. वच्छलाबाईनंही उत्तर दिलं नाही. ती बांधावर बसून रक्ताळलेले हात मांडीवर उपडे ठेवून कडूबाकडं पाहत राहिली. त्याच्या पाठीचे मणके वर आले होते. धरणाच्या मातीनं त्याचा सदरा पिवळा झाला होता. मधेच तो काठावर वाकला आणि खाली बोट दाखवून ओरडला, "डाव्या अंगाला खोर! तिकडं खडकात चीर हाये, तिथून येतं पाणी!"

खाली खोऱ्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, डाव्या अंगाला.

ऊन कलेपर्यंत काम चाललं. चिरेतून पाणी पाझरायला लागलं तेव्हा कडूबानं बद्रीनाथला वर ओढून घेतलं. बद्रीनाथ चिखलानं माखलेला, काठावर बसला. त्यानं कडूबाकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. कडूबानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि उचलला.

भागूबाईनं भाकरीचं फडकं पुढं केलं. "जेवून जा, दादा."

"नको. साळू वाट पाहत असंल." त्यानं हातपाय धुतले. मग वच्छलाबाईसमोर येऊन उभा राहिला. "बाई, माझा रोज द्या."

वच्छलाबाईनं वर पाहिलं.

"अर्ध्या दिवसाचा द्या. मी दुपारून लागलो."

भागूबाई काही बोलणार होती, वच्छलाबाईनं तिला हातानं थांबवलं. कनवटीला बांधलेले पैसे सोडायला तिची सोललेली बोटं चालेनात. कडूबा थांबला. त्यानं घाई केली नाही. शेवटी गाठ सुटली. तिनं पैसे त्याच्या हातावर ठेवले. त्यावर तिचं रक्त लागलं होतं. त्यानं ते धोतराला पुसले, कोपऱ्यात बांधले आणि बैलांच्या कासऱ्याला हात घातला.

गाडी पैठण रोडला लागेपर्यंत वच्छलाबाई उभीच होती. मग ती खाली वाकली आणि विहिरीच्या काठावर सांडलेला गाळ हातानं गोळा करून बाजूला लोटू लागली.

"माय, हात चिघळतील," बद्रीनाथ म्हणाला.

"चिघळू दे," ती म्हणाली आणि लोटत राहिली.